समाधानाचा नमुना सोबत जोडला आहे

माणूस नोकरी का करतो, हे प्रत्येक नोकरदाराला ठाऊक असते. म्हणूनच ते त्याला कधी कोणी विचारत नाही. पगार एका दिवशी होतो. उरलेले एकोणतीस दिवस तो त्याच खुर्चीत का जाऊन बसतो, हा मात्र गंभीर प्रश्न आहे, आणि गंभीर प्रश्न कोणत्या ना कोणत्या कार्यालयाकडे सोपवावेच लागतात.

सोपे करून सांगतो. घरातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला पेलाभर पाणी आणायला सांगा. ती दोन्ही हातांनी पेला धरील, जीभ थोडी बाहेर काढील आणि एक थेंब न सांडता तुमच्यापर्यंत येईल. तुम्ही पाणी पिऊन रिकामा पेला तिच्या हातात द्याल. काम संपले. तरी ती तिथून हलत नाही. पेला घेऊन उभीच राहते. ती कशाची वाट पाहते आहे हे ज्याला कळले, त्याला पुढचे सगळे आपोआप कळेल. ज्याला कळले नाही, त्याच्यासाठी परिपत्रक क्रमांक चव्वेचाळीस काढण्यात आले होते.

ज्या कार्यालयात ते आले त्याचे नाव ‘भूमिगत नळ, झडपा व गटारे नकाशा कार्यालय’. शहरात कोणालाही रस्ता खणायचा असला, तर खाली काय आहे हे आधी इथे येऊन विचारावे लागे. कर्मचारी तीनशे अठरा. नकाशे दोन हजार तीनशे चाळीस. हवा तो नकाशा शोधून देऊ शकणारी व्यक्ती एक. (उरलेले तीनशे सतरा जण तो नकाशा मागितला गेला, सापडला आणि परत ठेवला गेला याच्या नोंदी ठेवत. तेही काम कोणीतरी करावेच लागते.)

ती एक व्यक्ती म्हणजे नकाशाताई. जिन्याखालच्या लांबट खोलीत त्या बसत. भिंतभर पत्र्याची नळकांडी, त्यांत गुंडाळलेले नकाशे, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि प्रत्येक नळकांड्याच्या तोंडाला बांधलेली एक रंगीत चिंधी. चिंध्या ताईंच्या घरच्या जुन्या साड्यांच्या होत्या. पिवळी चिंधी मोठ्या जावेच्या साडीची. जाऊ बाजारात रमणारी. म्हणून पिवळे नळकांडे म्हणजे बाजारपेठेचे नळ. हिरवी चिंधी नणंदेची. नणंद टेकाडावरच्या घरात दिलेली. म्हणून हिरवे म्हणजे टेकडीची टाकी. ही पद्धत वर्गीकरणाच्या कोणत्याही पुस्तकात नाही. पण नकाशा दीड मिनिटात सापडे.

परिपत्रकात म्हटले होते की, प्रत्येक कर्मचाऱ्यास नोकरीतून मिळणारे सर्वांत मोठे समाधान कोणते, ते विहित नमुन्यात लेखी कळवावे, म्हणजे ते त्यास नियमितपणे पुरविता येईल. हेतू उदात्त होता. आस्थापना विभागाच्या हेडक्लार्कांनी तो तातडीने हाती घेतला. त्यांना समोर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘संदर्भराव’ म्हणत, कारण घरी भाजीत मीठ कमी असले तरी ते आधी संदर्भ देऊन मग तक्रार मांडत असावेत, असा सर्वांचा अंदाज होता.

कार्यालयात भरलेला नमुना जोडल्याशिवाय कोणी स्वतःचे नावही लिहीत नाही. चुकले तर? म्हणून संदर्भराव कोरा अर्ज घेऊन जिन्याखाली गेले.

“ताई, तुमचं अक्षर टपोरं आहे. एवढा नमुना भरून द्या.”

“पण लिहू काय?”

“काहीही लिहा हो. नमुना आहे. नमुना कोण वाचतं?”

खोटे सुचायला वेळ लागतो, आणि संदर्भराव समोर उभे होते. म्हणून ताईंनी खरे लिहून टाकले. नावाच्या जागी ‘अ. ब. क.’, आणि समाधानाच्या जागी: ‘एक नळवाला दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत येऊन म्हणाला, ताई, तुम्ही होतात म्हणून झालं.’

ही गोष्ट घडलेली होती. एका वस्तीचे पाणी तीन दिवस बंद होते. नळवाल्याने अकरा खड्डे खणले, तरी व्हॉल्व्ह सापडेना. बायका रिकाम्या बादल्या घेऊन त्याच्याभोवती उभ्या, आणि त्या बादल्यांआडून त्याच्याबद्दल जे बोलले जात होते ते लिहिण्यासारखे नाही. तो चिखलाच्या पायांनी जिन्याखाली आला. ताईंनी कपाटामागे पडलेले एक नळकांडे ओढून काढले, नकाशा टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवले आणि बोट टेकवले. “हा बघा. शिंप्याच्या दुकानाच्या पायरीखाली. पायरी नंतर बांधली असणार.” संध्याकाळी वस्तीला पाणी आले. दुसऱ्या दिवशी नळवाला पाय धुऊन आला, दारात उभा राहिला, ते एक वाक्य म्हणाला आणि गेला. त्याला अठरा वर्षे झाली होती. ताईंना त्या दिवशीचा वार आठवत होता.

महिनाभराने अर्ज जमा झाले. त्यांची फोड अशी:

नमुन्यातले उत्तर शब्दशः असलेले अर्ज – तीनशे अकरा.
कोरे – चार.
‘वरीलप्रमाणे’ असे लिहिलेले – दोन. (वर काहीही नव्हते.)
फेटाळलेला – एक.

तीनशे अकरांपैकी सत्तावीस जणांनी आपले नावही ‘अ. ब. क.’ असेच लिहिले होते, आणि नऊ जणांनी ‘हा केवळ नमुना आहे’ हे तळाचे वाक्यही सुबक अक्षरात उतरवले होते. यावरून कोणी वाईट निष्कर्ष काढू नये. वरिष्ठांनी काढला नाही. सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के कर्मचाऱ्यांचे एका शब्दाचाही फरक न पडता एकमत झाल्याचे त्या कार्यालयाच्या इतिहासात दुसरे उदाहरण नव्हते. साहेबांनी (म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरच्या खऱ्या साहेबांनी) अहवालावर ‘अभूतपूर्व’ असा शेरा मारला. त्यांचाही अर्ज त्या तीनशे अकरांत होता.

फेटाळलेला एक अर्ज नकाशाताईंचा होता. त्यांनी स्वतःच्या अर्जातही तेच लिहिले होते, कारण त्यांचे तेच होते. संदर्भरावांनी तो अर्ज नमुन्याशेजारी ठेवला, भिंग लावून पाहिला आणि त्यांना बोलावून घेतले.

“ताई, तुम्ही नमुन्यातलं उत्तर उतरवून काढलंय.”

“अहो, नमुना मीच लिहिला होता!”

“तेच म्हणतोय. अक्षरसुद्धा तेच आहे.”

“मग बाकीच्यांनी काय केलं?”

“त्यांचं अक्षर वेगळं आहे. म्हणजे ते स्वतंत्र उत्तर झालं.”

ही पायरी नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा जिना हिच्यावरच उभा आहे. नमुन्यातले समाधान ‘अ. ब. क.’ या व्यक्तीचे होते. ती व्यक्ती अस्तित्वात नसल्याने ते समाधान कोणाचेच नव्हते, म्हणून ते तीनशे अकरा जणांना देता आले. नकाशाताई मात्र अस्तित्वात होत्या. त्यांना ते देता येईना.

नियम असा होता की, ज्याचे समाधान फेटाळले गेले तो कर्मचारी असमाधानी समजावा, आणि असमाधान पसरू नये म्हणून त्यास गच्चीवरील खोलीत बसवावे. तीस दिवसांत समाधानाची नोंद झाली नाही, तर बसणे कायम समजावे. शिवाय आता समाधानाच्या नोंदवह्यांसाठी जागा लागणार होती, आणि जिन्याखालची खोली लांबट, कोरडी आणि एका असमाधानी व्यक्तीच्या ताब्यात होती.

ताईंनी खोलीची किल्ली देऊन टाकली, पण अर्ज केला: ‘मला समाधान नको. माझी खोली तेवढी असू द्यावी.’ उत्तर आले: ‘समाधानाशिवाय खोली देता येत नाही.’

त्या दिवशी त्या घरी गेल्या आणि जेवताना सगळे सांगितले. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्याशा वाक्यासाठी डोळ्यांत पाणी? आम्ही चाळीस वर्षं चूल सांभाळली, आम्हाला कोण म्हणालं गं?”

यजमान मनाने चांगले होते. ते म्हणाले, “मी म्हणू का? तू होतीस म्हणून झालं.”

“काय झालं?”

यजमानांनी इकडेतिकडे पाहिले. “स्वयंपाक?”

“आधी ताट उचला,” ताई म्हणाल्या.

इकडे कार्यालयात समाधानाचा पुरवठा सुरू करायचा होता. वाक्य रोज प्रत्येकाला कोणीतरी म्हणायला हवे. या पदासाठी लिफ्टकाकांची निवड झाली. लिफ्ट चौदा वर्षे बंद होती, आणि काका तिच्या दारापाशी स्टुलावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला ‘बंद आहे’ असे सांगत. म्हणजे एकच वाक्य दिवसभर न कंटाळता म्हणण्याचा अनुभव त्यांच्याइतका कोणालाच नव्हता. त्यांना ‘आभार अधिकारी’ करण्यात आले, यादी आणि जाडजूड रजिस्टर देण्यात आले. पहिले दोन दिवस सवयीने त्यांच्या तोंडून ‘ताई, तुम्ही होतात म्हणून बंद आहे’ असे जात राहिले. पण काही विभागांना तेही पटले.

‘ताई’ या शब्दावर थोडी चर्चा झाली. दारावरचा पहारेकरी, झुबकेदार मिशांचा, म्हणाला, “मला ताई कशाला?” त्याला त्याचा अर्ज दाखवण्यात आला. त्यात त्याच्याच सहीने ‘ताई’ मागितलेली होती. लेखी दिलेले समाधान परस्पर बदलता येत नाही. तेव्हापासून लिफ्टकाका पहारेकऱ्याला, दोन्ही उपअभियंत्यांना आणि वरच्या साहेबांनाही सारख्याच आवाजात ताई म्हणत. साहेब दोन आठवडे कानकोंडे झाले. तिसऱ्या आठवड्यात काकांना उशीर झाला, तर ते दार उघडून व्हरांड्यात डोकावू लागले.

दर माणशी चाळीस सेकंद: वाक्य दहा, कर्मचाऱ्याने किंचित हसणे पाच, सही पंचवीस. तीनशे अकरा जणांना मिळून तीन तास सत्तावीस मिनिटे वीस सेकंद. आपली पाळी चुकू नये म्हणून तेवढा वेळ कोणी जागचे उठत नसे. जेवणाची सुट्टी वजा जाता उरलेला वेळ ज्यांचे वाक्य राहून गेले त्यांच्या तक्रारी ऐकण्यात जाई. तक्रारींचे प्रकार असे: आवाजात ओलावा नव्हता, नजर यादीवर होती, ‘म्हणून’वर जोर कमी पडला, शेजारच्याला जास्त मनापासून म्हटले. हे सगळे असूनही कामाच्या समाधानाचा आकडा शंभर टक्क्यांवर गेला. काम मात्र शून्यावर आले होते. कामाचा अडथळा दूर केल्यावर समाधान इतके वाढू शकते, हे पूर्वी कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

फक्त एकदा, नव्याने लागलेल्या एका टंकलेखक मुलीने सही करता करता विचारले, “काका, पण झालं काय?”

लिफ्टकाकांनी यादी वरून खाली पाहिली. मग हा प्रश्न संदर्भरावांकडे गेला, आणि काय झाले आहे हे ठरवण्यासाठी तिघांची उपसमिती नेमण्यात आली. (तिच्या तीन बैठका झाल्या. त्या झाल्या, एवढे इतिवृत्तात आहे.)

नकाशाताई गच्चीवरच्या खोलीत रिकाम्या टेबलापाशी बसत. यादीत नाव नसल्याने त्यांच्याकडे कोणी येत नसे. नकाशांची नळकांडी बंद लिफ्टमध्ये उभी करून ठेवली होती, आणि लिफ्टला कुलूप होते. अठ्ठावीस दिवस गेले.

एकोणतिसाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, कार्यालयाच्या आवाराखालचा मोठा नळ फुटला.

पाणी आधी पायरीवर आले, मग उंबऱ्यावर, मग टेबलांच्या पायांशी. लिफ्टकाका त्या वेळी तळमजल्यावरच्या दुसऱ्या रांगेत होते. दुसऱ्या रांगेतले लोक पाय वर घेऊन खुर्चीतच बसून राहिले. तिसरी रांग तर बसून राहणारच होती, कारण आता तिचीच पाळी होती. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, रजिस्टर डोक्यावर धरून, एकेकाला ‘ताई, तुम्ही होतात म्हणून झालं’ असे म्हणत पाण्यातून पुढे चालले होते. त्या दिवशी हे वाक्य लोकांना पहिल्यांदाच किंचित टोचले.

नळवाल्याला बोलावणे गेले. अठरा वर्षांपूर्वीचाच नळवाला; आता केस पांढरे, गुडघ्यांतून कुरकुर. तो दारात आला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, “व्हॉल्व्ह कुठाय?”

“नकाशात असेल.”

“मग ताईंना बोलवा ना लवकर!”

“कोणत्या ताईंना?” पहारेकऱ्याने विचारले. “इथं तीनशे अकरा आहेत. मी पण आहे.”

नळवाल्याने त्याच्या मिशांकडे पाहिले आणि जास्त चौकशी केली नाही. “अहो, जिन्याखालच्या. नकाशेवाल्या.”

“त्या? त्या ताई नाहीत,” पहारेकरी म्हणाला. “त्या गच्चीवर आहेत.”

नळवाला गुडघे धरत चार जिने चढला. ताई त्याला पाहून उठल्या. कुठला नळ, एवढेच त्यांनी विचारले आणि पदर खोचून खाली निघाल्या. संदर्भराव पाण्यात दोन्ही हात पसरून आडवे आले. “संदर्भ: असमाधानी कर्मचाऱ्यांनी गच्ची सोडू नये.”

“पाणी उतरलं की परत जाते,” ताई म्हणाल्या आणि त्यांना वळसा घालून लिफ्टपाशी गेल्या. “काका, किल्ली.”

लिफ्टकाकांनी वाक्य अर्धे सोडले आणि किल्ली दिली.

लिफ्टमध्ये दोन हजार तीनशे चाळीस नळकांडी एकमेकांवर रेलली होती. तीन अभियंते आत वाकून पाहू लागले. एक म्हणाला, “यावर नंबर कुठायत?”

“निळी चिंधी बघा, जरीच्या काठाची,” ताई म्हणाल्या. “सासूबाईंच्या साडीची. सासूबाई म्हणजे आपलं स्वतःचं घर. म्हणजे ऑफिसचं आवार.”

दीड मिनिट लागले. खरे तर दोन, कारण मध्ये साहेब आले आणि त्यांना वाट करून द्यावी लागली. ताईंनी नकाशा कोरड्या पायरीवर पसरला. पेपरवेट नव्हते, म्हणून चार कोपऱ्यांवर चार माणसांनी बोटे ठेवली. त्यांत एक बोट साहेबांचे होते. ताईंनी स्वतःचे बोट टेकवले.

“जिन्याखालच्या खोलीत,” त्या म्हणाल्या. “माझं टेबल होतं, त्याच्या खाली. मी रोज तिथंच पाय ठेवून बसायची.”

तिथे आता समाधानाच्या नोंदवह्यांची मांडणी होती. ती ओढून पाडावी लागली. एकोणतीस दिवसांचे समाधान पाण्यात पसरले आणि शाई सुटून सगळ्या सह्या एकमेकींत मिसळल्या. खालची फरशी उचकटली. नळवाल्याने हात घालून व्हॉल्व्ह फिरवला. पाणी हळूहळू थांबले.

तीनशेच्या वर माणसे घोटाभर पाण्यात उभी होती. ताई मध्ये, हातात ओला नकाशा धरून. त्या हलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.

या ठिकाणी काय म्हणायचे असते ते त्या प्रत्येकाला तोंडपाठ होते. रोज ऐकत होते. साहेबांचे ओठ किंचित उघडले. पण ते वाक्य म्हणण्याचा अधिकार एकट्या लिफ्टकाकांना होता, आणि दुसऱ्याने ते म्हटले असते तर पायंडा पडला असता. सगळ्यांनी काकांकडे पाहिले. काकांनी यादी पाहिली, उलटी करूनही पाहिली. नाव नव्हते.

नळवाला हात पुसत उठला. “ताई,” तो म्हणाला, “तुम्ही होतात म्हणून झालं.”

“हे कोणाच्या अधिकारात म्हटलंत?” संदर्भराव ओरडले.

“तोंडाच्या,” नळवाला म्हणाला. “झालं, म्हणून म्हटलं. त्यात विचारायचं काय?”

लिफ्टकाकांनी डोक्यावरचे रजिस्टर खाली घेतले. कार्यालयातली तेवढी एकच वही कोरडी राहिली होती. त्यांनी शेवटच्या ओळीखाली लिहिले: नकाशाताई. वाक्य मिळाले. वेळ अकरा चाळीस. आणि पेन ताईंपुढे केले. ताईंनी सही केली. हात ओला असल्याने ती थोडी फिसकटली.

नोंद झाली ती झाली. तिसाव्या दिवशी नकाशाताई रीतसर समाधानी ठरल्या, त्यांचे नाव यादीत तीनशे बाराव्या क्रमांकावर आले, आणि खोली, किल्ली व नळकांडी त्यांना परत देण्यात आली. त्यांनी फरशी पुसून घेतली, डांबराच्या गोळ्या नव्या टाकल्या आणि टेबल जुन्या जागी सरकवले. सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला, आणि शिरा कोणामुळे झाला हे जेवताना तीनदा सांगितले.

कार्यालयाने मात्र घटनेतून धडा घेतला. साहेबांनी टिपण लिहिले की, बाहेरच्या एका नळवाल्याने म्हटलेल्या वाक्याचा परिणाम आपल्या अधिकाऱ्याने म्हटलेल्या आठ-नऊ हजार वाक्यांपेक्षा जास्त दिसून आला (संबंधित महिला कर्मचारी तब्बल चार सेकंद काही बोलू शकल्या नाहीत). सबब हे कौशल्य शहराच्या गटारांत वाया न घालवता कार्यालयाच्या सेवेत घ्यावे. नळवाल्याला सहायक आभार अधिकारी नेमण्यात आले. त्यानेही फार आढेवेढे घेतले नाहीत. त्याचे गुडघे गेले होते, जागा कोरडी होती, आणि त्याच्या बायकोचे म्हणणे पडले की आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आता चार चांगले शब्द बोलून जग.

आता तो रोज अकरा चाळीसला जिन्याखाली येतो. कपडे इस्त्रीचे, पाय कोरडे, हातात यादी.

पहिल्या दिवशी ताई त्याला पाहून पटकन उठल्या. त्यांना वाटले कुठेतरी नळ फुटला. त्या नळकांड्यांकडे वळल्यासुद्धा.

“कुठला भाग?” त्यांनी विचारले.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्ही होतात म्हणून झालं.”

“काय झालं?”

त्याने यादीवर बोट फिरवले, तळाशी पाहिले, पान उलटले.

“ते इथं लिहिलेलं नाही, ताई. इथं सही करा.”

ताईंनी सही केली. रोज करतात. शहरात आता खणायला कोणी उरलेले नाही, त्यामुळे नकाशा मागायलाही कोणी येत नाही. काही वस्त्यांना पाणी नाही असे ऐकू येते, पण ते ऐकायला जिन्याखालून बाहेर यावे लागते, आणि अकरा चाळीसची पाळी चुकवून चालत नाही. ताईंच्या नावापुढे समाधान शंभर टक्के आहे. अठरा वर्षांपूर्वीचा तो वार कोणता होता हे मात्र त्यांना आता नक्की आठवत नाही; बहुधा मंगळवार असावा, किंवा रोजच.

राहता राहिलात तुम्ही. तुम्ही इथवर एकेक ओळ वाचत आलात, मध्येच उठून गेला नाहीत, आणि वाचणारा नसता तर ही गोष्ट लिहून काय उपयोग होता? तेव्हा, ताई, तुम्ही होतात म्हणून झालं.

(वाक्य छापील आहे. ते प्रत्येक प्रतीत, तुमच्या शेजाऱ्याच्या प्रतीतही, याच जागी आहे. काय झालं, ते इथे लिहिलेले नाही. तरीसुद्धा आत्ता क्षणभर बरे वाटले असल्यास समासात सही करावी, आणि पेला घेऊन जावे. इथे उभे राहू नये.)